नववी मात्रा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
मी काहीच-नाही बनवते.

दुधाची साखर, सेल्युलोज, थोडा स्टार्च,
साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियमची भुकटी,
वरून हळदीहून फिका पिवळा थर.
वजन दोनशे चाळीस मिलिग्रॅम, खऱ्या गोळीइतकंच.
पाण्यात विरायला लागणारी मिनिटंही तितकीच.

पहिला घाणा परत आला.
शेरा होता : गोड लागते.
मग मी त्यात कडू घातलं.
तीन दिवस चाखून चाखून जीभ मेली,
घरच्या आमटीत दोनदा मीठ पडलं.
कडू जुळलं तेव्हा परीखसाहेब म्हणाले,
हवे बराबर छे, सुनेत्राबेन.

खरी आणि माझी शेजारी ठेवली
तर आता मलाही ओळखता येत नाही.
हे मी लोकांना अभिमानानं सांगते
आणि मग थोडा वेळ गप्प बसते.

दांडिया बाजारात, आमच्या वरच्या मजल्यावर
कर्णिक मास्तर. चौतीस वर्षं तबला शिकवला.
आता उजवा हात
बशीतला चहा सदऱ्यावर सांडतो.
श्रावणात ते दवाखान्यात सही करून आले.
अकरा पानं, गुजरातीत,
प्रत्येक पानाखाली कापरं नाव.
कागदानं काही लपवलं नव्हतं :
औषध मिळेल, किंवा मिळणार नाही,
कुणाला काय, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.
मास्तर म्हणाले, हे बरंय.
त्यांनाच माहीत नाही
म्हणजे माझ्याशी खोटं तरी बोलणार नाहीत.

दर गुरुवारी तिथे कागदावर चकली काढून घेत,
आतून बाहेर, पेन न उचलता.
पहिली नुसती काटे.
भाजणी बिघडल्यासारखी तुटलेली.
सहाव्या आठवड्यातली घेऊन ते खाली आले,
माझ्या ओट्यावर, कोथिंबीर बाजूला सारून, पसरली.
गोल होती. जवळजवळ गोल.
लागू पडली बघ, म्हणाले, आणि डबी हलवून दाखवली.

पिवळ्या.
एखादी मागून घेता आली असती.
पण घेऊन करणार काय?
काटा बोलला नसता, जीभ बोलली नसती.
ते दार मीच इतकं नीट बंद केलेलं.
छान, म्हटलं.
दोनदा म्हटलं.

फाल्गुनात पत्र आलं :
आपण दुसऱ्या गटात होता.
म्हणजे माझ्या.

मी जिना चढून गेले आणि सांगून टाकलं,
त्या गोळ्या आमच्या शेडमधल्या. माझ्या हातच्या.
मग पत्राच्याच पाठीवर हिशेब मांडायला बसले,
तुमची चकली जेवढी सुधारली ना, मास्तर,
तेवढं त्यांच्या आकड्यातून वजा करायचं,
उरेल तेवढंच औषधाचं,
तुम्ही नसता तर त्यांना
मला वाटतं ते ऐकत नव्हते.
डाव्या हातानं मांडीवर तीनताल धरला होता.
एकला टाळी. पाचाला टाळी.
नवव्या मात्रेला हात आपटला नाही,
बाहेर वळला, उताणा, हवेत थांबला.

नवी पोरं इथेही वाजवतात, म्हणाले.
त्यांना मोकळं सोडवतच नाही.
मग आपण आवर्तनात कुठे आहोत
तेच कळत नाही,
आणि समेवर आपटतात.

उजवा हात शेजारी पडून होता,
पहिल्यासारखाच थरथरत,
किंवा किंचित कमी. मला सांगता येणार नाही.
असल्या बाबतीत माझ्या डोळ्यांवर
मी विश्वास ठेवत नाही.

अर्धा जिना उतरले तेव्हा वरून हाक आली.
काय गं,
काहीच नव्हतं ना त्यात?
मग एवढी कडू कशाला केलीस?